फेलिसा आणि कॅप्टनचे चौदा फ्लेक्स

कादंबरी लिहिणं सोपं असतं. लोक उगाच बाऊ करतात. सान गाविनोच्या पाणीपुरवठा कचेरीत मी एकतीस वर्षं तक्रारींना उत्तरं लिहिली. त्यातल्या शेवटच्या अकरा वर्षांत, ‘आपल्या नळाला पाणी न येण्यास कचेरी जबाबदार नसून उन्हाळा जबाबदार आहे’ अशी उत्तरं लिहिता लिहिता, फायलीखाली वही सरकवून मी ‘खाडीपलीकडची फेलिसा’ लिहून काढली. छापणं तर त्याहून सोपं. इलोइलो शहरात जाऊन छापखानेवाल्यासमोर पैसे ठेवले की तो लगेच ‘सर’ म्हणायला लागतो. तीनशे प्रती एका तीनचाकीतून घरी आल्या. गठ्ठे उतरवताना तीनचाकीवाला म्हणाला, “नोंग, फरशा का?” आमच्याकडे वयानं थोरल्या माणसाला नोंग म्हणतात आणि बाईला नांग. मी म्हटलं, “कादंबरी आहे.” तो म्हणाला, “मग सावकाश ठेवतो, फुटायला नको.”

अवघड काय असतं, तर ती दुसऱ्याला वाचायला लावणं. माझी हाव काही फार नव्हती. बक्षीस नको, शाल नको, मनिलाच्या वर्तमानपत्रात फोटो नको. सान गाविनोतल्या एका माणसानं, फक्त एका, ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावी, एवढंच. यात बायकोला धरत नाही. नेल्फानं अकरा वर्षं ती कादंबरी जेवताना ऐकली आहे. छापील प्रत तिच्या हातात दिली तेव्हा ती म्हणाली, “सेयो, मला फेलिसा तोंडपाठ आहे रे. आता तरी तिला जरा बसू दे.”

पहिली अडचण आमच्या रीतीची. ओळखीच्या माणसाकडे काही नवं झालं की त्यातला आपला वाटा मागायला जायचं, हे आमच्याकडे प्रेमाचं लक्षण. पपई पिकली, डुक्कर कापलं, मुलगी सौदीहून आली, की शेजारीपाजारी हजर. आणि ओळखीच्या माणसाला किंमत सांगणं म्हणजे त्याला हाताला धरून घराबाहेर काढणं. आता सान गाविनोत मला अनोळखी कोण? एकतीस वर्षांत प्रत्येकानं माझ्याकडे तक्रार केलेली. पहिल्याच आठवड्यात छप्पन्न प्रती गेल्या, सगळ्या सहीनिशी आणि सगळ्या फुकट. पुस्तक छातीशी धरायचं, माझ्या खांद्यावर हात टाकायचा, फोटो काढायचा आणि फेसबुकवर चढवायचा: ‘आमच्या नोंग सेयोंचा अभिमान आहे!’ एका फोटोत पुस्तक उलटं होतं. मी सरळ होतो.

दहाव्या दिवशी मी शेजारच्या नोंग तिबोंना गाठलं. नोंग तिबो पंचाहत्तरीचे, जहाजावरचे निवृत्त स्वयंपाकी. नऊ देशांची बंदरं पाहिलेली, त्यामुळे कुठल्याही विषयावर सल्ला तयार.

“वाचलीत का?” मी विचारलं.

“वाचलीत का म्हणजे? दोन दिवसांत फडशा पाडला!”

मी कचेरीतला माणूस. एवढ्यावर फाईल बंद करत नाही. “फेलिसा मरते, ते प्रकरण कसं वाटलं?”

नोंग तिबोंनी चष्मा काढला. डोळे पुसले. “रडलो रे, सेयो. बायको म्हणाली, काय झालं हो? म्हटलं, काय सांगू, फेलिसा गेली!”

फेलिसा मरत नाही. शेवटच्या पानावर ती चांगली धडधाकट उभी असते. मी हाच प्रश्न औषधवाल्याला विचारला, चर्चमधल्या पेटीवाल्या बाईंना विचारला, माझ्या सख्ख्या मेहुण्याला विचारला, आणखी पाचजणांना विचारला. फेलिसाच्या मरणानं गावात नऊ माणसं रडली होती. पेटीवाल्या बाई तर तिच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये मिस्सेची प्रार्थना सांगणार होत्या. मी त्या रात्री जेवलो नाही. म्हणजे थोडंसंच जेवलो.

पण मी हटणाऱ्यांतला नव्हतो. पाण्याच्या बिलातल्या चार पैशांसाठी सतरा खेपा घालणारी माणसं मी पाहिली आहेत. ती सतराव्या खेपेलाही पहिल्या खेपेइतकीच ताठ असतात. आपणही तसंच राहायचं ठरवलं.

“तुझं चुकलं कुठे सांगू?” आपण उघडे पडलोय हे अजून ठाऊक नसलेले नोंग तिबो म्हणाले, “तू पुस्तक आधी दिलंस आणि जेवण दिलंच नाहीस. प्रकाशन समारंभ कर. माणूस पोटभर जेवला की त्याला बोलणं ऐकवतं. बोलणं ऐकलं की वाचावंसं वाटतं. जहाजावर कप्तानाचा हुकूमसुद्धा आम्ही जेवणानंतरच वाचून दाखवायचो.”

समारंभाला जागा म्हणजे वस्तीचं बास्केटबॉलचं पत्र्याच्या छपराचं मैदान. लग्न असो, लसीकरण असो, सगळं तिथेच. अर्ज करायला मी वस्तीच्या कचेरीत गेलो. खिडकीतल्या बाईंनी छापील अर्ज पुढे सरकवला. ‘वापराचे कारण’ या रकान्यात चार चौकोन होते: खेळ, झुंबा, मयत, कोंबड्यांचे लसीकरण.

“यात पुस्तक नाही,” मी म्हटलं.

“पुस्तकासाठी कोणी मैदान मागत नाही, नोंग. मयत लिहू का? त्याला खुर्च्या आणि लाउडस्पीकर फुकट आहे.”

“पण मेलंय कोण?”

“ते इथे नाही विचारत. ते पलीकडच्या खिडकीवर.”

देवाशपथ सांगतो, फेलिसाचं नाव घालून मोकळं व्हावं असं क्षणभर वाटलं. रडायला नऊ माणसं तयारच होती. पण एकतीस वर्षं मी खोट्या अर्जांवर लाल शेरे मारलेले. हात धजेना. तेवढ्यात आतल्या खोलीतून कॅप्टन वेन्सी बाहेर आले. कॅप्टन म्हणजे आमच्या वस्तीचे निवडून आलेले प्रमुख, आणि निवडणूक पुन्हा तीन महिन्यांवर आलेली. त्यांनी माझ्या हातातला अर्ज काढून घेतला, पुस्तकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला.

“नोंग सेयो! अर्ज कसले करताय, तुम्ही घरचे. आपल्या वस्तीत लेखक! तुम्ही फक्त न्हाऊनधुऊन या. शेवयांचं पान्सित माझं, लाउडस्पीकर माझा, फ्लेक्ससुद्धा माझे.”

मला भरून आलं. घरी येऊन नेल्फाला सांगितलं. ती मासे साफ करत होती. म्हणाली, “फ्लेक्सवर कोणाचा फोटो असणार, ते विचारलंस का?” बायकांना कशातच चांगलं दिसत नाही, असं मी मनात म्हटलं. मोठ्यानं म्हणायची सोय नव्हती, तिच्या हातात सुरी होती.

शनिवारी सकाळी सान गाविनोत चौदा फ्लेक्स लागले. आमच्याकडे कोणी दहावी पास झालं, बोटीवर नोकरीला लागलं, सौंदर्यस्पर्धेत तिसरी आली, की अभिनंदनाचा फ्लेक्स लागतो, आणि अभिनंदन ज्याचं त्याच्यापेक्षा करणाऱ्याचा फोटो मोठा असतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण आपल्या वेळी वेगळं होईल असं प्रत्येकाला वाटतं. त्या फ्लेक्सवर कॅप्टन वेन्सींचं डोकं पिकल्या फणसाएवढं होतं. शेजारी त्यांची पत्नी, मुलं आणि पांढरं कुत्रं. वर ‘हार्दिक अभिनंदन!’ खाली ‘कादंबरीच्या यशाबद्दल. शुभेच्छुक: कॅप्टन वेन्सी आणि परिवार’. मला बराच वेळ माझा फोटो सापडेना.

“हा काय,” नेल्फानं बोट ठेवलं, “कॅप्टनच्या कोपराखाली.”

ज्येष्ठ नागरिकाच्या कार्डावरचा माझा फोटो होता तो, पोस्टाच्या तिकिटाएवढा. त्यात मी पोलिसांना हवा असल्यासारखा दिसतो. नाव वाचायला वाकावं लागत होतं. कुत्र्याचं नाव मात्र ठळक होतं.

मासळीबाजारात गेलो तर कोळीण कौतुकानं म्हणाली, “एवढ्या व्यापातून कॅप्टननी कादंबरी लिहिली, बघा!”

“मी लिहिली,” मी म्हटलं.

“हो? टायपिंग तुमचं होय! बरं झालं, हाताला काम मिळालं.”

न्हाव्याच्या दुकानात तेच. डॉक्टरकडे तेच. शेवटी मी थेट कॅप्टनकडे गेलो आणि म्हटलं, लोकांचा गैरसमज होतोय, आपण काही बोलावं. त्यांनी त्याच संध्याकाळी लाउडस्पीकरवरून खुलासा केला: “मित्रहो, या कादंबरीचं सगळं श्रेय मला देऊ नका. नोंग सेयो यांचंही मोलाचं सहकार्य लाभलं आहे.”

समारंभाला चारशे माणसं आली. मी इस्त्रीचा पांढरा बारोंग सदरा घालून पहिल्या रांगेत बसलो, तोंडात भाषण घोळवत. प्रार्थना झाली, राष्ट्रगीत झालं, ज्येष्ठ महिलांचा झुंबा झाला, तो लोकाग्रहास्तव पुन्हा झाला. कॅप्टन पंचेचाळीस मिनिटं गटारांवर बोलले. मग लेखकाला दोन मिनिटं दिली. मी माईकपाशी पोचलो, “फेलिसा ही—” एवढं म्हणालो, आणि मागून कोणीतरी ओरडलं, “पान्सित आलं!” सान गाविनोत हे दोन शब्द ऐकून खुर्चीत बसून राहिलेला माणूस अजून जन्मायचा आहे. उरलेलं भाषण मी पेटीवाल्या बाईंना केलं, कारण त्यांचा पाय दुखत होता.

शेवटी सोडत होती. पहिलं बक्षीस तांदळाचं पोतं, दुसरं टेबलपंखा, आणि उत्तेजनार्थ दहा बक्षिसं म्हणजे माझी कादंबरी. ज्याला ती लागे त्याचं नातलग सांत्वन करत. एका भाजीवालीनं पुस्तक हातात घेऊन वजन केलं आणि मलाच विचारलं, “नोंग, याच्या बदल्यात सोया सॉसची बाटली नाही का मिळणार?” नऊ प्रती खुर्च्यांवर राहिल्या, त्या मी गोळा केल्या. दहावी घेऊन गेल्या त्या नांग कोरदिंग.

या बाईंबद्दल सांगायला हवं. नांग कोरदिंग सुमागायसाय, वय बहात्तर, कोपऱ्यावरच्या भातगिरणीच्या मालकीण. हनुवटीवर ठसठशीत तीळ आणि जीभ कोयत्यासारखी. त्यांचा पुतण्या कॅप्टनविरुद्ध उभा होता. त्या समारंभाला आल्या होत्या त्या कॅप्टन काय शिजवतोय ते बघायला. उत्तेजनार्थ बक्षीस घेताना त्यांनी ना हसून दाखवलं, ना फोटो काढू दिला. पुस्तक काखेत मारलं आणि चालू लागल्या.

सोळा दिवसांनी मला समन्स आलं. आमच्याकडे दोन शेजाऱ्यांचं भांडण कोर्टात जाण्याआधी वस्तीच्या समेट समितीपुढे जावं लागतं. तक्रारदार: नांग कोरदिंग. सामनेवाला: मी. कारण: कादंबरीतून बदनामी.

“नोकरीत असताना एक मेमो नाही,” नेल्फा म्हणाली, “आणि आता निवृत्त झाल्यावर समन्स. कमाल आहे तुझी, सेयो.”

गावात बातमी फुटायला वेळ लागला नाही. आता मात्र सगळ्यांनी पुस्तकं उघडली, पण ती आपलं नाव शोधायला. नाव सापडलं नाही म्हणून औषधवाला माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. कॅप्टन वेन्सींचा तर धीरच सुटला. ज्या लाउडस्पीकरवरून श्रेय वाटून घेतलं होतं, त्याच लाउडस्पीकरवरून ते म्हणाले, “मी ती कादंबरी वाचलेलीसुद्धा नाही!” चारशे माणसांत खरं बोलणारे ते पहिलेच. दुसऱ्या दिवशी त्यांची माणसं कात्री घेऊन फिरली आणि चौदाही फ्लेक्सवरून माझा फोटो चौकोनी कापून नेला. बाकी फ्लेक्स तसेच राहिले. आता कॅप्टन, पत्नी, मुलं आणि कुत्रं एका भोकाचं हार्दिक अभिनंदन करत होते.

मी तीन रात्री तयारी केली. माझ्या बाजूनं एकही माणूस साक्षीला यायला तयार नव्हता, कारण साक्ष द्यायची तर वाचावं लागलं असतं. नेल्फानं बारोंगला पुन्हा इस्त्री केली. “भांडू नकोस,” ती म्हणाली, “पण वाकूही नकोस.” मी वाकणार नव्हतोच. त्या बाईंनी माफी माग म्हटलं तर मागेन, पण फेलिसातला एक शब्द बदलणार नाही, हे मी पक्कं केलं होतं.

समितीत कॅप्टन अध्यक्ष आणि नोंग तिबो सदस्य, टिपणाला खिडकीतल्या बाई. नांग कोरदिंग आल्या, त्यांच्या हातात पुस्तक होतं. पुस्तक कसलं, नुसत्या खुणाच! पोती शिवायच्या सुतळीचे तुकडे पानापानातून लोंबत होते. मी ते बघतच राहिलो. माझ्यावर खटला आहे हे क्षणभर विसरलो.

“पान एक्केचाळीस,” त्यांनी सुरुवात केली. “फेलिसाची सासू. भाताची गिरणी. हनुवटीला तीळ. मापात मारते. पान अठ्ठ्याऐंशी, सुनेला चुलीपाशी बसवून स्वतः मासा खाते. ही मी नाही तर कोण? निवडणुकीच्या तोंडावर कॅप्टननी हे लिहून घेतलं!”

“मी वाचलेलीसुद्धा नाही!” कॅप्टन ओरडले.

“नांग,” मी म्हटलं, “गिरणी मी कल्पनेनं घातली. तीळ माझ्या आईचा. मासासुद्धा तिचाच. ती सासू माझी आई आहे. देव तिला शांती देवो, पण ती तशीच होती.”

नांग कोरदिंगनी पान एक्केचाळीस पुन्हा उघडलं. “म्हणजे मी नाहीच यात?” त्यांचा आवाज जरा पडला.

“नाही.”

“मग मिटलं!” कॅप्टन टाळी वाजवून म्हणाले. “गैरसमज झाला. दोघांनी सह्या करा, जेवायची वेळ झाली आहे.”

“मिटलं कसं?” नांग कोरदिंगनी शेवटच्या सुतळीवर बोट ठेवलं. “पान दोनशे तीन. होडी लागलेली आहे. तिचा तो होडीवाला आत बसलेला आहे, हात पुढे करून. फेलिसा बोचकं घेऊन धक्क्यावर उभी. आणि ही बया परत फिरते! का? तर त्या म्हातारीला औषध द्यायची वेळ झाली म्हणून! काय दिलं होतं त्या म्हातारीनं तिला? सेयो, काही लाज?”

नोंग तिबोंना राहवलं नाही. “पण फेलिसा तर मरते ना?”

“कोणी सांगितलं तुला?” नांग कोरदिंग गरकन वळल्या. “तिबो, तू वाचलंयस का पुस्तक?”

नोंग तिबो पाणी प्यायला बाहेर गेले, ते नंतर आलेच नाहीत.

“ती परत फिरते, नांग,” मी म्हटलं. “ते मी बदलणार नाही.”

“तीन वेळा वाचलं मी. दर वेळी वाटतं, या खेपेला जाईल. बोचकं टाक बये, उडी मार! नाही. तू तिला जाऊच देत नाहीस. तुला काय माहीत रे? तिथून परत यायला किती पावलं लागतात, माहीत आहे? मी चालले आहे. गिरणी तेव्हा सासऱ्यांची होती. सासूबाईंना दिवसातून तीनदा औषध लागायचं. होडी दिसेनाशी होईपर्यंतसुद्धा थांबता आलं नाही मला. तुला हे कोणी सांगितलं?”

कॅप्टननी उचललेलं पेन तसंच धरून ठेवलं.

“कोणी नाही सांगितलं, नांग,” मी म्हटलं. “शपथेवर सांगतो.”

“मग ती परत का आली, सांग. तू लिहिलंयस ना? मग तुला माहीत असणार.”

एकतीस वर्षांत एकाही तक्रारदाराला मी उत्तराशिवाय परत पाठवलं नव्हतं. “मला माहीत नाही, नांग,” मी म्हटलं. “म्हणून तर अकरा वर्षं लागली.”

“हे काय उत्तर झालं!” त्या कडाडल्या, आणि मग आम्ही जे भांडलो ते भांडलो. मी म्हटलं, पान एकशे बारा बघा, तिथे सासू झोपेत तिचा हात धरते. त्या म्हणाल्या, झोपेत कोणीही धरतं, जागेपणी धरला का एकदा तरी? मी म्हटलं, तो होडीवाला विश्वासाचा होता असं मी कुठे लिहिलंय? त्या म्हणाल्या, हो, तेच तर, त्याला मुद्दाम मिशी दिलीस तू! त्यांनी चष्मा चढवून पान वाचून दाखवलं, मोठ्यानं, माझं वाक्य, माझ्या वस्तीच्या कचेरीत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते पुसलं नाही, कारण तेवढ्यात त्यांचा पुढचा मुद्दा चुकीचा होता. दीड वाजला. कॅप्टन दोनदा खोकले.

“नांग, नोंग, आता आटपा,” ते काकुळतीला आले. “तक्रार मागे घेतली असं लिहू ना?”

“मागेबिगे काही नाही,” नांग कोरदिंग पुस्तक काखेत मारत म्हणाल्या. “मिटलेलं नाही. पुढची तारीख द्या.”

खिडकीतल्या बाईंनी वहीतून डोकं वर केलं. “पुढचा मंगळवार. सामनेवाल्याची काही हरकत?”

“काही नाही,” मी म्हटलं. “सोमवारीही चालेल.”